कुष्ठरोगाने वाकलेली बोटं आणि हातांच्या पुनर्वसनाची सुरुवात

कोपराजवळची नस, म्हणजे मेंदूचे आदेश स्नायूंपर्यंत नेणारी चेता, काचेने किंवा यंत्राने कापली जाते. ती शिवली तरी कधी कधी पंजातले बारीक स्नायू पुन्हा चालत नाहीत आणि बोटं आकड्यासारखी वळून राहतात. अशा वेळी हाताचे सर्जन टेंडन ट्रान्सफर सुचवतात. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. या शस्त्रक्रियेत मनगट उचलणारा किंवा बोट वाकवणारा एखादा धडधाकट स्नायू मूळ जागेवरून सोडवून लुळ्या बोटांना जोडायचा आणि व्यायामाने त्याला नवं काम शिकवायचं. ही शस्त्रक्रिया भारतात रुजली ती कुष्ठरोग्यांच्या हातांवर. ज्यांना त्या काळी साध्या रुग्णालयात खाट मिळणं कठीण होतं, त्यांच्यामुळे आपल्याकडच्या हाताच्या उपचारांना दिशा मिळाली. हे ऋण मोठं आहे आणि ते फारसं कुणी बोलून दाखवत नाही.

हे घडलं कसं ते समजायला हाताची रचना थोडी पाहावी लागते. मूठ आवळण्याचं बळ देणारे मोठे स्नायू पंजात नसतात. ते कोपर ते मनगट या भागात असतात आणि त्यांचे लांब टेंडन बोटांपर्यंत जातात. पंजात असतात ते छोटे स्नायू. पोळीचा तुकडा मोडून भाजीला लावताना बोटं बुडाशी वाकतात, पण पुढे सरळ राहतात. हे काम या छोट्या स्नायूंचं. ते गेले की बोटं आधी टोकाकडून गुंडाळतात, बुडाशी मागे कलतात आणि पाण्याचा पेला धरायला गेलं की तो हातात येण्याऐवजी पुढे ढकलला जातो. अंगठाही बोटांसमोर येत नाही.

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. कोपराच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या किंचित वर, अल्नर नस कातडीच्या अगदी जवळून जाते. मीडियन नस मनगटाच्या वर अशीच उथळ होते. नसा सुजतात आणि निकामी होतात त्या मुख्यतः या दोन ठिकाणी. पण मीडियन नसेच्या ज्या फांद्या पुढच्या हातातल्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागातल्या, मोठ्या स्नायूंना जातात, त्या मनगटाच्या बऱ्याच वर फुटलेल्या असतात. मनगट उचलणारी रेडियल नस खोल असते, तिला हा रोग क्वचितच गाठतो. त्यामुळे पंजा लुळा पडला तरी पुढच्या हातातलं बरंच बळ शाबूत राहतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे नीट कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरने १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला, पण या रोगात मांसच सडतं आणि बोटं आपोआप गळतात, हा समज डॉक्टरांमध्येही पक्का होता. सडणाऱ्या मांसावर शस्त्रक्रिया कोण करणार? ब्रिटिश सरकारने १८९८ मध्ये कायदा केला तोही रुग्णांना वेगळं ठेवण्याचा. परिस्थिती बदलली ती औषधांमुळे. १९४१ पासून अमेरिकेतल्या कारव्हिल इथे सल्फोन औषधांचा गुण दिसू लागला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ती भारतातही आली. जंतू मरू लागले, पण मेलेल्या नसा परत येईनात. रोगमुक्त, पण हात निकामी, अशी माणसं दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

नेमक्या याच सुमाराला पॉल ब्रँड हा तरुण सर्जन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला होता. जन्म १९१४ चा, तामिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांवर. आईवडील मिशनरी. शिक्षण इंग्लंडमध्ये, आणि डॉक्टरकीच्या आधी चक्क सुतारकाम आणि बांधकाम शिकलेला. १९४७ मध्ये तो चिंगलपुटच्या कुष्ठरुग्णालयात गेला, तेव्हा तिथले प्रमुख रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्याला वाकड्या हातांचे रुग्ण दाखवले आणि एकही अस्थिसर्जन यात लक्ष घालत नाही, ही खंत बोलून दाखवली. ब्रँडने एका रुग्णाला आपला हात दाबायला सांगितला. हा हात दुबळाच असणार, असं त्याला वाटत होतं. पण पकड इतकी जबरदस्त होती की त्याला कळ आली. एवढं बळ शिल्लक असेल तर ते दुसरीकडे वळवता येईल, हे त्याच्या तिथेच लक्षात आलं.

टेंडन वळवण्याची कल्पना त्याची नव्हे. निकोलाडोनी या ऑस्ट्रियन सर्जनने १८८० च्या सुमारास पोलिओच्या पायासाठी ती वापरली होती. हातासाठी ब्रिटनमधले स्टाइल्स आणि अमेरिकेतले स्टर्लिंग बनेल या सर्जननी तिला वळण दिलं, त्यामागे दोन महायुद्धांतल्या जखमी सैनिकांचा अनुभव होता. पण कुष्ठरोग्याच्या हातावर ती पद्धतशीर वापरणं, शेकडो हात वर्षानुवर्षं मोजत राहणं, चुकलेलं सुधारणं, हे वेल्लोरला झालं. आधी बोट वाकवणाऱ्या दोन टेंडनपैकी एक घेऊन त्याचे चार फाटे केले जात. नंतर ब्रँडने मनगट उचलणारा स्नायू निवडला. त्याचा टेंडन पुरेसा लांब नसतो, म्हणून पिंढरीतला एक बारीक, नसला तरी अडत नाही असा टेंडन काढून जोड द्यायचा आणि चार फाटे चार बोटांत न्यायचे.

आपल्याकडे या कथेत सर्जनचं नाव राहतं आणि बाकीचे गळतात. खरं तर शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे आठवडेच निकाल ठरवतात. आखडलेलं बोट आधी मोकळं करावं लागतं. त्यासाठी मेणाचा शेक, तेल लावून चोळणं, आणि बोटाभोवती प्लास्टरची नळी घालून ती दर काही दिवसांनी थोड्या सरळ मापाची करत जाणं. शस्त्रक्रियेनंतर तीनेक आठवडे हात प्लास्टरमध्ये. मग शिकवणी: मनगट वर उचल, म्हणजे बोटं सरळ होतील. मेंदूला ही नवी जोडणी उमगायला रोजचा सराव लागतो. वेल्लोरला रूथ थॉमस या फिजिओथेरपिस्टने ही बाजू उभी केली.

मेरी वर्गीस यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. १९५४ च्या मोटार अपघातात कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या या डॉक्टरने चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे न्यूयॉर्कला पुनर्वसनतज्ज्ञ हॉवर्ड रस्क यांच्याकडे शिकून त्यांनी वेल्लोरचा पुनर्वसन विभाग वाढवला. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हात सरळ झाला, तरी पोटाचा प्रश्न सुटत नव्हता. काही रुग्ण परत येऊन म्हणू लागले की आता भीकही मिळत नाही, हात चांगला दिसतो आणि काम कुणी देत नाही. म्हणून १९५०-५१ च्या सुमारास वेल्लोरच्या आवारात नवजीवन निलयम हे रुग्णांना काम शिकवणारं केंद्र उभं राहिलं आणि तिथे ब्रँडचं जुनं सुतारकाम उपयोगी पडलं.

महाराष्ट्रात कामाची बाजू आधीच सुरू होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढलं, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन होतं, आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन वाढत होतं. शस्त्रक्रियेची बाजू डॉ. नोशीर अँटिया यांनी आणली. इंग्लंडमध्ये गिलीज यांच्या हाताखाली प्लास्टिक सर्जरी शिकून आलेल्या अँटियांनी पुण्याच्या कोंढव्यातल्या कुष्ठरुग्णालयात आणि मग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे काम केलं. १९६९ मध्ये त्यांनी पंजातल्या लुळ्या स्नायूंऐवजी पुढच्या हातातला पामारिस लाँगस हा बारीक स्नायू वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हा स्नायू काढून घेतला तरी हाताचं फारसं अडत नाही.

एक गोष्ट मात्र कुठलीच शस्त्रक्रिया परत देत नाही, ती म्हणजे संवेदना. एका मुलाने गंजलेलं कुलूप बोटांनी जोर लावून उघडलं आणि किल्लीने बोट हाडापर्यंत कापलं, तरी त्याला पत्ता नव्हता. या प्रसंगातून ब्रँडला उमगलं की बोटं रोगाने गळत नाहीत, न दुखणाऱ्या जखमांनी झिजतात. त्यामुळे हत्यारांना जाड मुठी, गरम भांड्याला फडकं, रोज हात पाण्यात भिजवून तेल लावणं आणि रात्री झोपण्याआधी दोन्ही हात नीट पाहणं, हे सगळं उपचाराचाच भाग झालं.

डिसेंबर २००५ अखेर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं उच्चाटन झाल्याचं भारताने जाहीर केलं. म्हणजे रोग संपला असं नव्हे, नवे रुग्ण आजही सापडतात. नस नुकतीच दुबळी झाली असेल, साधारण सहा महिन्यांच्या आत, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती बऱ्याचदा वाचते. म्हणून आरोग्य कर्मचारी रुग्णाला तीन हालचाली करायला लावतात: करंगळी बाहेर ने, अंगठा वर उचल, मनगट मागे वळव. अल्नर, मीडियन, रेडियल, तिन्ही नसांची परीक्षा यात होते. करंगळी आपल्या बोटाच्या दाबापुढे टिकत नसेल, तर रुग्णाला त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं.