लायकिपियाच्या रँचवरील कीटकनोंदींची पार्श्वभूमी

केनियातील लायकिपिया पठारावर १९११च्या करारानंतर ब्रिटिश सत्तेने मासाई पशुपालकांना हलवून त्यांची कुरणे गोऱ्या वसाहतवाल्यांना दिली आणि तेथे मोठमोठे रँच उभे राहिले. गुरे व वन्य प्राणी एकाच गवतावर चरत असल्याने संशोधकांचे लक्ष दीर्घकाळ चाऱ्याच्या स्पर्धेवरच राहिले. १९९५ मध्ये याच पठारावरील म्पाला संशोधन केंद्रात प्रत्येकी ४ हेक्टरचे १८ भूखंड आखून प्राण्यांचे निरनिराळे गट त्यांतून वगळले गेले, तेही याच प्रश्नासाठी.

कीटकांचे महत्त्व मात्र याच भूखंडांवर ठळकपणे दिसून आले. तेथील काळ्या मातीत वाढणाऱ्या एका बाभळीच्या फुगीर, पोकळ काट्यांत मुंग्या राहतात, पानांच्या देठांवर स्रवणारा मधुरस पितात आणि पाला खायला आलेल्या जनावराला कडाडून चावतात. मोठे शाकाहारी प्राणी दहा वर्षे दूर ठेवल्यावर झाडांनी मधुरस आणि फुगीर काटे दोन्ही कमी केले, रक्षक मुंग्या दुबळ्या होऊन संरक्षण न देणारी मुंगी पसरली आणि झाडांची वाढच मंदावली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. माझ्या मते या प्रदेशातील कीटकनोंदींना खरी दिशा येथेच मिळाली.

परागवाहकांच्या बाबतीत टांझानियातील म्कोमाझी येथील १९९८चा अभ्यास तितकाच मोलाचा आहे. शेजारी फुललेल्या बाभळींच्या जाती दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पराग मोकळे करतात आणि त्यामुळे त्याच मधमाश्या एका जातीवरून दुसरीवर जातात, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणजे केवळ सकाळी जाळी फिरवून केलेली यादी अपुरीच राहणार. २००० मध्ये नैरोबीत भरलेल्या जैवविविधता परिषदेने परागवाहकांसाठी आंतरराष्ट्रीय उपक्रम स्थापल्यावर अशा नोंदींना धोरणात्मक आधारही मिळाला.

रँच दुरून एकसारखा दिसला तरी वाळवीच्या वारुळांभोवतीची माती सुपीक असते, तर गुरांचे जुने गोठे, म्हणजे बोमा, शेणखतामुळे अनेक दशके झाडांमधल्या हिरव्या, गवताळ मोकळ्या जागा बनून राहतात. म्हणूनच कीटकांना आकर्षित करणाऱ्या रंगीत वाट्यांचे सापळे काळी माती, लाल माती, वारुळे आणि नदीकाठ येथे वेगवेगळे मांडून, पावसाळ्यात व कोरड्या दिवसांत पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.