ब्रेक निकामी होण्याचे दोन प्रकार: पॅड फेड आणि उकळलेले ब्रेक ऑइल

रोजच्या वापरातली गाडी ट्रॅकवर नेणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: पहिल्या काही फेऱ्या उत्तम गेल्या आणि मग ब्रेक लागेनासे झाले. या एकाच तक्रारीमागे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात. पहिल्यात ब्रेक पॅड इतके तापतात की त्यांचे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवरचे घर्षण कमी होते. याला पॅड फेड म्हणतात. दुसऱ्यात पॅड शाबूत असतात, परंतु पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधले ब्रेक ऑइल उकळते आणि पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचतच नाही. दोन्ही बिघाड उष्णतेमुळेच होतात आणि बहुधा एकाच वळणाच्या तोंडाशी उघडकीस येतात, त्यामुळे त्यांची गल्लत होणे साहजिक आहे. मात्र एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि चुकीचा इलाज करून पुन्हा ट्रॅकवर उतरणे हे काहीच न करता उतरण्यापेक्षा धोक्याचे ठरू शकते.

ही उष्णता किती असते, याचा अंदाज आधी घ्यायला हवा. १४०० किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवताना सुमारे १३५ किलोज्यूल ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. तीच गाडी लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १८० किलोमीटरवरून ७२ किलोमीटरवर आणताना हा आकडा सुमारे १४७० किलोज्यूल होतो, म्हणजे जवळपास अकरा पट, आणि गाडी अजून थांबलेलीसुद्धा नसते. यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकवर पडतो, कारण ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे सरकतो. पुढचे वळण काही सेकंदांवर असल्यामुळे डिस्कला थंड होण्यास सवड मिळत नाही आणि प्रत्येक फेरीत तापमान आधीच्यापेक्षा वर चढत जाते.

पॅड फेडची खूण ही, की पेडल कडक राहते. पाय नेहमीइतकाच खाली जातो आणि तिथे घट्ट अडतो, पण कितीही जोर लावला तरी गाडीचा वेग हवा तसा उतरत नाही. रस्त्यासाठीचे पॅड थंडीत, पावसात, पहिल्याच दाबाला चांगले लागावेत आणि आवाज करू नयेत अशा बेताने बनवलेले असतात. त्यांतले घटक बांधून ठेवणारे रेझिन साधारणतः ३५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित होऊ लागते आणि घर्षण घसरते. सोबत जळकट, उग्र वास येतो. पेडल वारंवार पंप करून येथे काहीही साधत नाही, कारण दाब पुरेसा पोहोचतच असतो; कमतरता घर्षणाची असते. थोडा वेळ सावकाश चालवल्यावर ब्रेक बहुतेक वेळा पुन्हा लागू लागतात, मात्र पॅड काढून पाहिल्यास त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला किंवा कडांना तडे जाऊन भुगा सुटत असलेला आढळतो. असे पॅड पुन्हा ट्रॅकसाठी वापरू नयेत.

नव्या कोऱ्या पॅडमध्येही फेड येतो, आणि त्याने अनेकांची फसगत होते. पॅड पहिल्यांदा जोरात तापतात तेव्हा रेझिनमधून वायू बाहेर पडतात आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्यांचा पातळ थर तयार होतो. म्हणूनच नवे पॅड बसवून थेट ट्रॅकवर जाऊ नये. मोकळ्या, सुरक्षित जागी, उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने, हळूहळू वाढत्या जोराने ब्रेक लावत त्यांना बेडिंग करावे लागते, आणि त्यानंतर ब्रेक दाबून न धरता गाडी चालती ठेवून ते थंड होऊ द्यावे लागतात.

ऑइल उकळते तेव्हा पेडल उलट वागते: ते मऊ पडते, स्पंजासारखे दबते आणि कधी थेट तळाला जाते. द्रव पदार्थ दाबल्याने जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत जातो. वाफ मात्र सहज आकसते. पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर एका दाबात ढकलतो ते ऑइल इतके थोडे असते, की कॅलिपरमध्ये वाफेचे काही बुडबुडे झाले तरी पेडलचा सगळा प्रवास ते बुडबुडे दाबण्यातच संपतो. भराभर दोन-तीनदा पंप केल्यास पेडल थोडे वर येऊ शकते, आणि हीच या बिघाडाची सर्वांत उपयोगी ओळख आहे. माझ्या मते दोहोंत हा प्रकार अधिक घातक आहे, कारण पॅड फेड बहुधा एक-दोन वळणे आधी सूचना देतो, तर ऑइल उकळल्यावर आधीच्या वळणावर व्यवस्थित लागलेला ब्रेक पुढच्या वळणावर अजिबात नसू शकतो.

प्रचलित ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारित असते आणि हवेतली आर्द्रता शोषून घेते. त्यामुळे डबीवरच्या आकड्याइतकेच त्या ऑइलचे वय महत्त्वाचे. ब्रेक ऑइलच्या डॉट नावाच्या श्रेणींत, मानकानुसार, डॉट ३ ऑइलचा कोरडा उत्कलनांक किमान २०५ अंश आणि ओला १४० अंश, डॉट ४ चा २३० आणि १५५, तर डॉट ५.१ चा २६० आणि १८० अंश असतो. येथे ओला म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलेला. दोन-तीन वर्षे न बदललेले डॉट ४ कोऱ्या डॉट ३ पेक्षाही आधी उकळू शकते, ते यामुळे. खास शर्यतीसाठीच्या ऑइलचा कोरडा उत्कलनांक ३०० अंशांच्या वर असतो, पण ते वारंवार बदलावे लागते. डॉट ५ हे नाव ५.१ सारखे वाटले तरी ते सिलिकॉनचे असते. ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळू नये आणि ट्रॅकसाठी वापरू नये.

टाकीतले ऑइल स्वच्छ, सोनेरी दिसते म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. ब्रेकचे ऑइल इंजिन ऑइलसारखे फिरत राहत नाही. कॅलिपरमधले तिथेच राहते आणि तेच सर्वाधिक तापते. कॅलिपरवरचा ब्लीडर, म्हणजे ऑइल बाहेर काढण्याचा स्क्रू, सैल करून पारदर्शक नळीतून ऑइल काढले, की सुरुवातीला चहाच्या रंगाचे, काळपट ऑइल येते आणि बऱ्याच वेळाने टाकीतले ताजे ऑइल दिसू लागते. तोपर्यंत काढत राहणे, हेच खरे काम आहे. नुसती टाकी भरल्याने उकळण्यात काडीचा फरक पडत नाही.

दोन बिघाड एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, हे बहुतेक जण लक्षात घेत नाहीत. फेड आला म्हणून ६०० अंशांपर्यंत टिकणारे ट्रॅक पॅड बसवले, तर चालक अधिक उशिरा आणि अधिक जोराने ब्रेक लावू लागतो, डिस्क पूर्वीपेक्षा जास्त तापते आणि तीच उष्णता पिस्टनमार्गे जुन्या ऑइलपर्यंत पोहोचते. पूर्वी पॅड आधी हार मानत होते, म्हणून ऑइल वाचत होते. म्हणून पहिल्यांदा ऑइल बदलावे आणि मगच पॅडचा विचार करावा. पहिल्या काही ट्रॅक दिवसांसाठी ताजे, चांगल्या प्रतीचे ऑइल आणि पुरेसे जाड पॅड एवढ्यावर अनेक गाड्यांचे भागते. पॅडची जाडी ही केवळ झिजेची बाब नाही: पॅड डिस्क आणि पिस्टन यांच्यामधला उष्णतेचा अडसर असतो, त्यामुळे निम्म्याहून अधिक झिजलेला पॅड ऑइल उकळण्यास थेट हातभार लावतो. शिवाय अस्सल ट्रॅक पॅड थंड असताना कमी लागतात, हे घरी परतताना पहिल्या सिग्नलच्या आधी आठवले पाहिजे.

मऊ पेडलची आणखी काही कारणे असतात. गाडी थंड असतानाच पेडल मऊ असेल, तर बहुधा ब्रेकच्या लाइनमध्ये हवा राहिलेली असते. सरळ पट्ट्यानंतर पहिला दाब लांब जातो आणि लगेच दिलेला दुसरा दाब नेहमीसारखा कडक लागतो, असे दर फेरीला होत असेल, तर चाकाच्या हादऱ्यांनी पॅड मागे ढकलले जात असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी चाकाच्या बेअरिंगचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, तपासावा. पेडल कडक आहे, चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा मात्र पूर्वीपेक्षा लवकर कामाला लागते आणि तरीही गाडी लांब जाते, तेव्हा दोष ब्रेकचा नसून तापलेल्या टायरच्या पकडीचा असतो. २५ अंशांना ३२ पीएसआय भरलेली हवा ८० अंशांना ४० च्या आसपास जाते. सत्र संपल्यावर टायर गरम असतानाच दाब मोजून जास्तीची हवा सोडावी आणि रस्त्यावर निघण्यापूर्वी ती पुन्हा भरावी, कारण टायर निवल्यावर दाब धोकादायकरीत्या कमी झालेला असतो.

शेवटची फेरी ब्रेकला शक्य तितकी विश्रांती देत काढावी. गाडी थांबली की डिस्कवरून वाहणारी हवाही थांबते, साठलेली उष्णता कॅलिपरमध्ये उतरते, आणि ट्रॅकवर न उकळलेले ऑइल उभ्या गाडीत उकळते. म्हणून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला अडण लावावी. पुढच्या सत्राला निघताना, चाक फिरण्याआधी, पेडल दाबून पाहावे. ते सकाळपेक्षा खाली जात असेल, तर कॅलिपरमधले ऑइल काढून नवे भरल्याशिवाय त्या गाडीने ट्रॅकवर जाऊ नये.