'ॲव्हरेज'चा हिशेब आणि बर्फातला घाट : पार्श्वभूमी

वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा आंबिया बहार तुटायला लागला की गाड्या उत्तरेला वळतात. बहुतेक दिल्लीतच खाली होतात. परतीचं भाडं जुळलं नाही, तर कुणी जम्मू-श्रीनगरची खेप उचलतो, आणि मेळघाटापलीकडे घाट न पाहिलेला ड्रायव्हर जानेवारीत त्या रस्त्यावरच्या रामबनच्या रांगेत उभा असतो. बर्फात पुढे जायचं की नाही, हा मालक आणि ड्रायव्हरमधला वाद तिथला.

१९५६ मध्ये बनिहालखालचा जवाहर बोगदा सुरू झाला तेव्हापासून हा रस्ता हिवाळ्यातही चालवायचा ठरला, पण बोगद्याचं तोंड सुमारे २,२०० मीटरवर, बर्फातच. २०१७ मध्ये चेनानी-नाशरी बोगद्याने पटनीटॉपचा चढ वगळला. २०२१ मध्ये बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा जवळपास ४०० मीटर खाली आला. 'आता घाट उरलाच कुठे?' हा मालकांचा सवाल त्यानंतरचा. उरला तो रामबन-बनिहालचा दरडींचा तुकडा. तिथे जड वाहनं अनेकदा एकाच दिशेने सोडतात, आणि दरड आली की रांग जागीच थांबते.

भांडण मात्र रस्त्यापेक्षा एका शब्दाभोवती जास्त फिरतं, तो म्हणजे 'ॲव्हरेज'. ड्रायव्हरच्या लेखी ॲव्हरेज म्हणजे गाडी लिटरला जेवढे किलोमीटर देते ते. मालकाच्या वहीत ॲव्हरेज म्हणजे गाडीने द्यायलाच हवं ते. डिझेल वाचलं तर बक्षीस, कमी पडलं तर पगारातून कपात. समजा, भरलेल्या दहाचाकीला लिटरला ४ किलोमीटर ठरवले. जम्मू-श्रीनगर जाऊन-येऊन ५०० किलोमीटर धरले तर वहीत १२५ लिटर. चढात तीच गाडी अडीचवर आली तर २०० लागतात. वरचे ७५ लिटर कुणाचे? शिवाय रांगेत इंजिन चालू ठेवलं की तासाला दोनेक लिटर जातं, आणि वहीत त्याचा एकही किलोमीटर दिसत नाही. कमी ॲव्हरेज म्हणजे डिझेलचोरी, असं मालक धरून चालतो. चोरी होतच नाही असं नाही; पण मैदानातला आकडा घाटाला लावणं हे मालकाचंच चुकतं.

या आकड्यापायीच उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये, म्हणजे गिअर काढून, सोडतात. 'उतारात डिझल कायले जाळतं' हे क्लीनर असतानाच कानावर पडलेलं असतं. सौम्य उतारावर गाडी लांब पळते, त्यामुळे बचत दिसते. कडक उतारावर हिशेब उलटतो. गिअरमध्ये असताना चाकंच इंजिन फिरवतात, इंजिनाचा पंप डिझेल बंद करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला डिझेल जळतच राहतं. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापून फुगतो, ब्रेकचं लायनर पकड सोडतं. इंजिन संथ असल्याने कॉम्प्रेसरही ब्रेकची हवा भरून काढत नाही. चढताना जो गिअर, उतरतानाही तोच किंवा एक खालचा, हा जुना नियम बरोबर आहे. बर्फावर मात्र एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग कमी करणारा) जपून वापरावा. रिकाम्या गाडीची मागची चाकं त्याने अडकतात आणि मागचा भाग बाजूला फिरतो.

थंडीच्या चुका आणखी साध्या असतात. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालून निघालेल्या गाडीचं इंजिन रात्रीत तडकू शकतं. पाणी गोठताना फुगतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं हवं. डिझेलचं मेणही फिल्टरमध्येच आधी अडकतं. गाडी सुरू होते, पाच-दहा मिनिटं चालते, ओढ सोडते आणि बंद पडते. मानकानुसार डिझेल फिल्टरमधून जाण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश, हिवाळी डिझेलला ६ अंश; त्याखाली ते अडकू शकतं. म्हणून टाकी जम्मूपर्यंत रिकामी होऊ द्यावी आणि तिथे भरावी. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल २०१९ मध्ये आलं. टाकीखाली जाळ करण्यापेक्षा फिल्टरभोवती गरम पाण्याचं फडकं गुंडाळावं. बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीत रॉकेल मिसळू नये, पंप आणि इंजेक्टर जातात. ब्रेकच्या हवेच्या टाकीतलं पाणी रोज संध्याकाळी तळची कडी ओढून सोडावं, नाहीतर ते व्हॉल्व्हमध्ये गोठतं. ओल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून झोपलं तर सकाळी लायनर चिकटलेलं. सपाट जागी गिअर टाकून चाकाला ठोकळा लावावा. आणि बंद केबिनमध्ये शेगडी नको. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

अलीकडे यात ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, भर पडली. २०१८ मध्ये त्याला १०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळायची. २०२१ पासून एका दिवसात २०० धरतात. ताज्या संत्र्याला हे बिल लागत नाही, कापसाच्या गाठींना लागतं. रांगेत दोन दिवस गेले की मुदत संपते आणि ऑफिसातून 'काढ गाडी'चे फोन सुरू होतात. खरं तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून मिळते. कारणांच्या यादीत नैसर्गिक आपत्ती आहेच. वाढवायचं काम ऑफिसात बसूनही होतं. ड्रायव्हरने फक्त गाडी कुठे उभी आहे ते कळवायचं.