सोळा ओळींतली देवनागरी

चिपळूण-कणकवलीच्या बाजारात दुकानांवर सरकणारी लाल अक्षरं दिसतात, ती बहुधा पी-१० नावाच्या एलईडी पॅनेलवरची. एक पॅनेल ३२ सेंमी रुंद, १६ सेंमी उंच. आडवे ३२ दिवे, उभे १६. पिक्सेल फॉन्टमधली, म्हणजे ठिपक्यांनी रचलेल्या अक्षरांतली, मराठीची सगळी ओढाताण या सोळा ओळींच्या वाटणीची आहे.

मूळ साचा रोमन लिपीचा. कॉमोडोर ६४ सारख्या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकांवर प्रत्येक अक्षराला ८ × ८ चा चौकोन, म्हणजे अवघे ८ बाइट. इंग्रजीचं त्यात भागलं. देवनागरीत मात्र वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. आठ ओळींत हे मावणारच कसं? ९ पिनांच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर तर सोळा ओळींचं अक्षर दोन फेऱ्यांत छापावं लागे आणि कागद जरा सरकला की अक्षर मधोमध फाटे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने जिस्ट कार्डातून, म्हणजे संगणकात बसवायच्या भारतीय लिप्यांच्या कार्डातून, पुढे नेलं. भारतीय लिप्या साठवण्याच्या १९९१ च्या इस्की या संकेत-मानकात साठवायचे ते फक्त वर्ण. जोडाक्षराचं रूप दाखवणाऱ्या यंत्रणेने ठरवायचं. स्वस्त बोर्ड चालवणारे कंट्रोलर आजही इथेच अडखळतात, म्हणून मजकूर संगणकावर चित्र करूनच पाठवलेला बरा.

चालणारी वाटणी अशी: मात्रांना ४ ओळी, शिरोरेषेला १, अक्षराच्या अंगाला ८, उकाराला ३. रोमन अक्षराच्या उजवीकडे एक रकाना कोरा सोडतात. इथे शिरोरेषा त्या रकान्यातूनही न्यायची, नाहीतर ‘रत्नागिरी’ची अक्षरं सुटी पडतात. खरी कसोटी भ आणि ध यांची. शिरोरेषेतली फट एकाच पिक्सेलची असेल तर पडद्यावर ठीक दिसते, पण एलईडीच्या उजेडात बुजते आणि दाभोळचं ‘दामोळ’, सिंधुदुर्गचं ‘सिंघुदुर्ग’ होतं. फट दोन पिक्सेलची हवी. ब च्या पोटात निदान ३ × ३ जागा ठेवा. २ × २ मध्ये तिरकी रेघ घातली की पोट भरून ठिपका उरतो.

फॉन्ट बनवण्याच्या फॉन्टफोर्ज प्रोग्रॅममध्ये एम, म्हणजे सोळा ओळींच्या अक्षराचा अख्खा चौकोन, १०२४ एककांचा ठेवला तर एक पिक्सेल ६४ एककांचा होतो. अनुस्वार-रफाराची जागाही ६४ च्याच पटीत द्यायची, एरवी ठिपका दोन पिक्सेलांच्या मध्ये लोंबकळतो. वापर १६, ३२, ४८ याच आकारांत, कडांचं स्मूदिंग बंद करून. गेमसाठी, पोस्टरसाठी एवढं पुष्कळ झालं.

किनाऱ्यावरच्या बोर्डाची गोष्ट वेगळी. पी-१० मध्ये दर चौथी ओळ एका गटात पेटते. खाऱ्या, दमट हवेत त्या गटाच्या चिपचे पाय गंजले की चार ओळी एकदम विझतात, आणि त्यांत शिरोरेषा असली तर वाचायला काही उरत नाही. अशा ठिकाणी शिरोरेषा दोन ओळींची काढावी. शेजारच्या ओळी वेगवेगळ्या गटांत असल्याने एक तरी पेटती राहते. मात्रांना मग तीनच ओळी मिळतात, रफारावरचा अनुस्वार त्याला चिकटतो, पण नाव वाचता येतं.