शॉर्ट गेमचा सराव (गोल्फ)

गोल्फमध्ये ग्रीनपासून (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या जागेपासून) साधारण १०० यार्डांच्या (सु. ९१ मी.) आतून खेळायचे फटके आणि त्यांची तयारी. पिच, चिप, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) चेंडू बाहेर काढणे आणि पट (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका) हे त्याचे मुख्य भाग. पट यात धरावा की वेगळा ठेवावा, याबद्दल एकमत नाही. शिकवणारे बहुधा तो धरतात, आकडेवारी मांडणारे वेगळा काढतात. पुढे येणारी टक्केवारी वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. मराठीत ‘आखूड पल्ल्याचा खेळ’ म्हणता येईल. पण मैदानावर कॅडीपासून (खेळाडूची पिशवी वाहणाऱ्यापासून) सभासदापर्यंत सगळे ‘शॉर्ट गेम’च म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

लांब फटक्यात खेळाडू क्लब (चेंडू मारायची काठी) पूर्ण फिरवतो आणि अंतर क्लबवर सोपवतो. शॉर्ट गेममध्ये ताकद राखून ठेवायची असते आणि चेंडू किती उडेल, कुठे पडेल व पडल्यावर किती घरंगळेल याचा अंदाज हाताला यावा लागतो. गोट्या खेळलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. गलीत गोटी घालणारा जोरात मारणारा नसतो. गोल्फचा होल ४.२५ इंच (१०८ मिमी.) व्यासाचा आणि चेंडू किमान १.६८ इंच (४२.६७ मिमी.) व्यासाचा असतो; म्हणजे होल चेंडूच्या अडीच पट रुंद. हे माप स्कॉटलंडमधील मसलबरा येथील १८२९ च्या होल पाडण्याच्या अवजाराशी जोडले जाते आणि १८९१ च्या नियमांत ते पक्के झाले. मूळ माप तेथील सांडपाण्याच्या नळाच्या तुकड्यावरून आले, ही हकिकत लोकप्रिय आहे. तिला आख्यायिकेपेक्षा जास्त वजन देऊ नये.

चिप आणि पिच : चिपमध्ये चेंडू थोडा उडतो आणि जास्त घरंगळतो, पिचमध्ये याच्या उलट. चिपसाठी ‘बाराचा नियम’ शिकवला जातो. बारातून आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ तोंडाच्या क्लबचा, क्रमांक वजा करावा. येणारा आकडा म्हणजे उडण्याच्या एका भागाला घरंगळण्याचे किती भाग. नऊ नंबरच्या आयर्नला १ : ३, आठला १ : ४, सातला १ : ५, पिचिंग वेज (वेज म्हणजे जास्त तिरप्या तोंडाचा क्लब) दहावा धरून १ : २. चेंडूपासून होल बारा पावले लांब असेल आणि तीन पावलांवर, ग्रीनच्या कडेच्या थोडे आत, चेंडू टाकायची सपाट जागा असेल, तर उरतात नऊ पावले; म्हणून नऊ नंबर. हे गणित मध्यम वेगाच्या सपाट ग्रीनचे आहे. चढावर क्लब बदलावा लागतो आणि हरळीच्या ग्रीनवर (खाली पहा) तर ते सरळ लावताच येत नाही. तरीही नवशिक्याला यातून एक गोष्ट मिळते : नजर होलवरून निघून चेंडू पडायच्या जागेवर येते.

पिचसाठी वेज लागतात. पिचिंग वेजचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरपेपणा, साधारण ४४ ते ४८ अंश, सँड वेजचा ५४ ते ५८ आणि लॉब वेजचा ६० च्या आसपास असतो. नासातील नोकरी सोडून गोल्फ शिकवण्याकडे वळलेले डेव्ह पेल्झ यांनी घड्याळाची पद्धत रूढ केली. डावा हात मागे साडेसात, नऊ किंवा साडेदहाच्या काट्यापर्यंत न्यायचा आणि लय तीच ठेवायची. चार वेज असतील तर यातून बारा अंतरे हाती येतात. ही बारा अंतरे मोजून, चिठ्ठीवर लिहून क्लबच्या दांड्याला चिकटवणारे खेळाडू आढळतात. पिशवीत एकूण १४ च क्लब ठेवता येत असल्याने (अमेरिकेत १९३८ पासून, ब्रिटनमध्ये १९३९ पासून) चौथा वेज घेतला की दुसरा एखादा क्लब घरी ठेवणे आले.

सँड वेजचा उगम : हा क्लब अमेरिकन खेळाडू जीन सॅराझन यांनी शोधला, असे सर्रास छापले जाते. ते अर्धेच खरे दिसते. त्याआधी, १९२८ मध्ये, ह्यूस्टनचे एडविन मॅक्लेन यांनी वाळूसाठी खास क्लबचे पेटंट घेतले होते. त्याचा तळ जाड आणि जड होता, तोंड मात्र पळीसारखे खोलगट होते. हॉर्टन स्मिथ तो वापरत. त्यांच्याकडून तो बॉबी जोन्स यांच्याकडे गेला आणि १९३० च्या हॉयलेक येथील ब्रिटिश ओपनमध्ये जोन्स यांनी तो बंकरमध्ये वापरला, असे सांगतात. खोलगट तोंडामुळे एकाच फटक्यात चेंडूला दोनदा स्पर्श होऊ शकतो, या आक्षेपावरून १९३१ मध्ये असे क्लब बाद झाले.

सॅराझन यांचे काम यानंतरचे. फ्लोरिडातील न्यू पोर्ट रिची येथे त्यांनी निब्लिक या जुन्या, तिरप्या तोंडाच्या क्लबच्या तळाला डाख देऊन धातू वाढवला. तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली येईपर्यंत ते तो घासत आणि भरत राहिले. क्लब वाळूत शिरला की ही मागची कड आधी टेकते आणि क्लब खोल रुतण्याऐवजी वर उसळतो. या कोनालाच आज ‘बाउन्स’ म्हणतात. विमान उडताना त्याची शेपटी खाली जाते, ते पाहून कल्पना सुचली, अशी सॅराझन यांचीच आठवण आहे. तिच्यात वैमानिक-उद्योगपती हॉवर्ड ह्यूज हे नावही येते, म्हणून ती फार सांगितली जाते. पुरावा म्हणून ती जपूनच घ्यावी. १९३२ ची ब्रिटिश ओपन सॅराझन यांनी प्रिन्सेस येथे २८३ फटक्यांत जिंकली, तेव्हा हा क्लब त्यांच्याकडे होता. स्पर्धेआधी तो कोणी पाहू नये म्हणून ते तो पिशवीत उलटा ठेवत, असेही सांगतात. जड तळाचा मान मॅक्लेन यांचा, सपाट तोंड आणि बाउन्स यांची सांगड सॅराझन यांची, अशी वाटणी करणे उपलब्ध माहितीशी अधिक जुळते.

ही चर्चा सरावाला सोडून नाही. बाउन्स कळला नाही तर बंकरमध्ये चेंडू ‘उचलायचा’ प्रयत्न होतो आणि चेंडू तिथेच राहतो. म्हणून पहिला सराव चेंडूविना करतात. वाळूत आडवी रेघ ओढायची, तोंड थोडे उघडे ठेवायचे आणि दर फटक्याला रेघेवरच वाळू उडते का ते पाहायचे. दहा फटक्यांनंतर दहा खड्ड्यांच्या कडा एका रेषेत दिसल्या, की त्या रेषेच्या चार-पाच सेंमी. पुढे चेंडू ठेवावा. क्लब चेंडूला लागत नाही. वाळूची चकती चेंडूला घेऊन बाहेर पडते.

महत्त्वाविषयी दोन मते : पेल्झ यांनी खेळाडूंच्या मागे फिरून फटक्यांच्या नोंदी केल्या. निम्म्याहून बरेच जास्त फटके १०० यार्डांच्या आत पडतात, म्हणून सरावाचा वेळही तिथेच द्यावा, असा त्यांचा आग्रह राहिला. हा विचार अनेक वर्षे निर्विवाद मानला गेला. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या) प्रत्येक फटक्याच्या नोंदींवरून वेगळा प्रश्न विचारला : चांगला खेळाडू इतरांच्या पुढे जातो तो कोणत्या फटक्यांमुळे ? २००४ ते २०१२ या काळातील आघाडीच्या ४० खेळाडूंच्या बाबतीत उत्तर असे आले : ग्रीनकडे मारलेले लांब फटके ४० टक्के, टीवरचे (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवरचे) २८, शॉर्ट गेम (पट वगळून) १७ आणि पट १५. म्हणजे आघाडीचा दोन-तृतीयांश भाग लांब खेळातून येतो. फटक्यांची संख्या आणि फटक्यांतला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ब्रॉडी यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. एक फुटाचा पट हाही एक फटकाच असतो, पण तो सगळ्यांचाच जातो. मात्र शॉर्ट गेमचा सराव कमी जागेत आणि कमी वेळात होतो. पुण्याच्या येरवड्यातील जुने मैदान ज्याला सु. २३० किमी. पडते, त्या कोल्हापूरकराच्या दृष्टीने हा मुद्दा टक्केवारीपेक्षा मोठा ठरतो.

माती, हरळी आणि ब्राऊन : युरोपीय पुस्तकांतला सराव थंड हवेच्या गवतावरचा आहे. आपल्याकडच्या मैदानी ग्रीनवर बहुतेक बर्म्युडा गवत असते. हे परदेशी नाव वाटले तरी ती आपली हरळीच. वनस्पतिशास्त्रात सायनोडॉन डॅक्टिलॉन. कोल्हापूरच्या शेतकऱ्याने उसाच्या सरीतून जी उपटून बांधावर फेकली आणि जिच्या कोवळ्या दूर्वा गणपतीला वाहिल्या, तीच. ग्रीनसाठी तिचे संकरित वाण लावतात. अमेरिकेतील टिफ्टन येथून आलेले टिफड्वार्फ हे त्यांतले एक. ते चार-पाच मिमी. पर्यंत कापले तरी जगते.

हरळी जमिनीसरशी पसरते, त्यामुळे तिच्या पात्यांना कल असतो. कलाच्या दिशेने चेंडू पळतो, उलट दिशेने अडखळतो आणि आडव्या कलावर कलाच्या बाजूला ओढला जातो. कल ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. समोरचे गवत चकचकीत, फिकट दिसले तर कल आपल्यापासून दूर. गडद, मळकट दिसले तर आपल्याकडे. दुसरी खूण होलच्या कडेला मिळते. सकाळी कापलेला होल दुपारी वाकून पाहावा. एका बाजूची कड रेखीव आणि हिरवी राहते, समोरची फाटल्यासारखी, तपकिरी पडलेली असते, कारण तिथल्या पात्यांची मुळे कापली गेलेली असतात. कल त्या फाटक्या कडेकडे.

ग्रीनचा वेग मोजण्याची साधी पट्टी एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये बनवली. खाच असलेल्या तीन फुटी पट्टीत चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलायचे. साधारण २० अंशांवर चेंडू सुटतो आणि सपाटीवर जितके फूट जातो तो वेग. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून अशी पट्टी करून घेता येते. मापे अधिकृत ठरणार नाहीत, पण कालच्या आणि आजच्या वेगाची तुलना होते.

भारतातील जुन्या मैदानांवर, विशेषतः पाण्याची टंचाई असलेल्या भागांत, ग्रीनऐवजी ‘ब्राऊन’ असत. वाळूत तेल मुरवून, दाबून केलेला हा गोल सपाट पट्टा. पट झाला की मागच्यासाठी तो ओढून सारखा करायचा. कोल्हापुरात तेल घातलेली खेळाची जमीन म्हटले की तालमीचा हौदा आठवतो. पण तिथे तेल, ताक, हळद घालतात ती माती मऊ आणि अंगाला सोसेल अशी राहावी म्हणून, आणि ब्राऊनमध्ये तेल घालतात ते वाळू उडू नये, घट्ट बसावी म्हणून. ब्राऊनवर पात्यांचा कल नसल्याने रेषेचा सराव चांगला होतो, वेगाचा मात्र फसवा.

कोल्हापूर परिसरात पश्चिमेला जांभ्याची तांबडी जमीन, पूर्वेला काळी आणि नदीकाठी मळीची. जून ते सप्टेंबर जमीन ओली असते. पिच केलेला चेंडू पडल्या जागी रुततो आणि घरंगळण्याचा हिशेब चुकतो. या दिवसांत उंच फटका आणि जास्त बाउन्सचा वेज बरा. एप्रिलपर्यंत काळ्या रानाला भेगा पडतात, जांभा दगडासारखा होतो. तिथे तोच वेज जमिनीवर आपटून उसळतो आणि चेंडूच्या पोटात बसतो, चेंडू ग्रीन ओलांडून जातो. म्हणून उन्हाळ्यात कमी बाउन्सचा वेज किंवा सरळ सात नंबरची चिप. बंकरसाठी बांधकामाची क्रशसँड वापरल्यास तिचे कण टोकेरी असल्याने चेंडू कमी रुततो, मात्र बारीक भुकटी धुऊन काढली नाही तर एका पावसात ती कोब्यासारखी बसते.

सरावाची रचना : एकाच जागेवरून एकाच क्लबने पन्नास चेंडू मारले की हात बसल्यासारखा वाटतो. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात, कामे मिसळून केलेला सराव करताना कच्चा वाटला तरी नंतर अधिक टिकला. प्रयोग गोल्फचा नव्हता, हाताच्या हालचालींचा होता. तरी गोल्फचे शिक्षक त्याचा आधार घेतात. तालमीत ही विभागणी जुनीच आहे. जोर-बैठका रोज तेवढ्याच, पण लढतीला वस्ताद जोडीदार बदलत राहतो. त्याच रीतीने अर्धा वेळ एकच फटका घटवावा आणि अर्धा वेळ दर चेंडूला जागा, क्लब, अंतर बदलून, एकच चेंडू घेऊन तो होलमध्ये जाईपर्यंत खेळावा.

पटच्या सरावात अपेक्षा माफक ठेवावी. पीजीए टूरवरचे खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, तीन फुटांवरून मात्र शंभरात सु. ९६. म्हणून लांबचा पट होलमध्ये जावा यापेक्षा तो तीन फुटांत थांबावा, हा सराव फायद्याचा. होल हुकलेला चेंडू पुढे सु. १७ इंच जावा, हे पेल्झ यांचे माप प्रसिद्ध आहे. कलाच्या विरुद्ध ते कमी धरावे लागते.

घरात पट करणाऱ्यांनी शहाबादी फरशी टाळावी. ती कोणत्याही ग्रीनपेक्षा वेगवान असते आणि हात आखडतो. जाड सतरंजी ताणून अंथरली तर ती मंद ग्रीनच्या जवळ जाते. तिच्यावर दोन काड्यापेट्या चेंडूपेक्षा बोटभर जास्त अंतरावर उभ्या ठेवून मधून चेंडू काढणे, एवढा सराव पावसाळाभर करता येतो.

नियमांच्या दृष्टीने, स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजून निकाल लावणाऱ्या) स्पर्धेच्या दिवशी फेरीआधी मैदानावर सराव करता येत नाही. पहिल्या टीवर किंवा तिच्या जवळ पट व चिप मात्र चालतात. दोन होलच्या मधल्या वेळेत नुकत्याच संपवलेल्या होलच्या ग्रीनवर आणि सराव-ग्रीनवर ते करता येतात, पण मागचे खोळंबू नयेत आणि बंकरमधून खेळू नये.