मज्जूब आणि बेशरा फकीर: दिसायला सारखे, शरियतेपुढे वेगळे

अजान झाली, माणसं नमाजाला उठली, तरी दर्ग्याच्या ओट्यावरचा फकीर जागचा हलला नाही. तो मज्जूब असेल किंवा बेशराही असेल. नुसत्या दिसण्यावरून ठरवता येत नाही आणि आपल्याकडे दोघांनाही सरसकट 'अवलिया' म्हणून हात जोडले जातात. इस्लामी धर्मशास्त्राच्या दृष्टीने मात्र या दोघांत मोठं अंतर आहे.

मज्जूब म्हणजे ईश्वराने ओढून घेतलेला, त्या ओढीत भान हरपलेला. त्याच्याविषयी फिक्ह, म्हणजे धर्मकायद्याचं शास्त्र, कठोर नाही. झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि वेडा शुद्धीवर येईपर्यंत, या तिघांवरून नोंदीची लेखणी उचललेली असते, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. माणूस शुद्धीवर असेल तरच कर्तव्य लागू होतं. त्यामुळे मज्जूबाने नमाज चुकवला तरी शरियत मोडली असं होत नाही. त्या अवस्थेत ती त्याच्यावर बंधनकारकच नसते.

बेशरा म्हणजे शरियतेचे नियम न पाळणारा. या फकिराची शुद्ध मात्र शाबूत असते. तेराव्या शतकात दमास्कसमध्ये जमालुद्दीन सावीच्या कलंदरांनी, म्हणजे रूढी झुगारणाऱ्या फकिरांनी, डोकं, दाढी, मिशा आणि भुवया भादरल्या. पैगंबरांच्या सुन्नतीतली, म्हणजे त्यांनी घालून दिलेल्या आचरणातली, दाढी त्यांनी समजून-उमजून उतरवली होती. लोकमान्यतेचा मोह तोडण्याची त्यामागची कळकळ मला खरी वाटते. पण 'मी पोहोचलो, आता मला नियम नाहीत' असा दावा कोणी केला, की फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, आणि बहुतेक सुफी शेख दोघेही त्याच्या विरोधात उभे राहतात. 'सुभानी', म्हणजे 'मी किती पवित्र!', असे उद्गार ज्यांच्या नावावर आहेत, त्या सुफी संत बायझीद बिस्तामींचंही एक वचन सुफी ग्रंथांत येतं: कोणी हवेत तरंगताना दिसला तरी भुलू नका, आधी तो विधिनिषेध पाळतो का ते पाहा.

मज्जूबाला माफी असली तरी पीर म्हणून मान्यता मिळत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बगदादचे शेख शिहाबुद्दीन उमर सुहरावर्दी (मृत्यू 1234) यांनी 'अवारिफुल मआरिफ'मध्ये साधकांचे चार प्रकार केले आहेत. त्यांपैकी निव्वळ मज्जूब गुरू होऊ शकत नाही, कारण तो ज्या वाटेने पोहोचला ती पायी चाललेलाच नाही. निव्वळ सालिक, म्हणजे नुसता साधना करणारा, तोही अपुरा. ओढ लाभून मग साधनेची वाट चाललेला सर्वांत योग्य. मला ही मांडणी फार मोलाची वाटते: तिच्यात अनुभवाचा अनादर नाही आणि अनुभवाला मोकाट सोडणंही नाही.

नागपूरच्या ताजुद्दीनबाबांना (1861–1925) भक्त मज्जूब मानतात. 1892 मध्ये सरकारने त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून आणलं. सरकारला जो वेडा वाटला तोच भक्तांना वली, म्हणजे ईश्वराचा लाडका संत, वाटला, तरी त्यांची शुद्ध लौकिकातली नाही यावर दोघांचंही एकमत होतं.

सरमदचा प्रश्न सर्वांत अवघड. ज्यू घराण्यातला हा व्यापारी दिल्लीत नग्न फिरे. कलमा, म्हणजे 'अल्लाहशिवाय कोणी देव नाही' ही श्रद्धेची कबुली, म्हणायला सांगितल्यावर तो 'ला इलाह', 'कोणी देव नाही', एवढंच म्हणून थांबला आणि 'मी अजून नकारातच बुडालोय, पुढचं कसं म्हणू?' असं उत्तर दिलं, अशी कथा आहे. औरंगजेबाच्या काळात, 1661 च्या सुमारास, त्याचा शिरच्छेद झाला. भक्त त्याला मज्जूब ठरवून निर्दोष मानतात. मला ते पटत नाही. त्याच्या फारसी रुबाया, म्हणजे चार ओळींच्या कविता, घोटीव आहेत आणि हे उत्तरही पूर्ण शुद्धीतल्या, धारदार बुद्धीच्या माणसाचं आहे. म्हणून मी त्याला बेशराच म्हणेन. पण ती शिक्षा केवळ कलम्यासाठी झाली असंही मी मानत नाही: सरमद औरंगजेबाचा भाऊ आणि गादीचा प्रतिस्पर्धी दारा शुकोह याच्या जवळचा होता आणि दाराला औरंगजेबाने 1659 मध्येच संपवलं होतं.