बॅकअप (छोट्या व्यवसायातील)

बॅकअप : संगणकावरच्या व्यावसायिक नोंदी बिघडल्या किंवा नष्ट झाल्या तर त्या पुन्हा उभ्या करता याव्यात म्हणून मुद्दाम वेगळी ठेवलेली प्रत, तसेच अशी प्रत घेण्याची, सांभाळण्याची व गरज पडल्यास परत चढवण्याची पद्धत. ‘राखीव प्रत’ हा मराठी पर्याय सुचवला जातो. ‘डेटा’साठी शासकीय परिभाषेत ‘आधारसामग्री’ आणि अलीकडच्या लेखनात ‘विदा’ असे शब्द आहेत. पण दुकानात, करसल्लागाराच्या कचेरीत किंवा छापखान्यात ‘आज बॅकअप घेतला का?’ असेच विचारले जाते, म्हणून या नोंदीत तोच शब्द ठेवला आहे. छोटा व्यवसाय म्हणजे येथे कायद्यातली वर्गवारी अभिप्रेत नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाच्या उलाढालीची मर्यादाच १० कोटी रुपये आहे. संगणक सांभाळणे हे जेथे कोणाचेच स्वतंत्र काम नसते, मालक, हिशेबनीस आणि बोलावल्यावर येणारा हार्डवेअरवाला मिळून ते निभावतात, तो व्यवसाय येथे छोटा मानला आहे.

वहीखात्यातल्या रोजकीर्द-खतावणीच्या जोडीला बॅकअपचे पूर्वरूप म्हणण्याचा मोह होतो. कीर्दीत व्यवहार तारीखवार उतरतात आणि त्यांवरून खतावणीत खातेवार जातात. त्यामुळे खतावणी गहाळ झाली तरी मागील बाकी आणि कीर्द यांवरून ती पुन्हा बांधता येते. तरीही हे साम्य अर्धेच आहे. दोन्ही वह्या एकाच गादीवर, रात्री एकाच कपाटात. आग लागली तर दोन्ही जाणार. बिलबुकातली कार्बनची प्रत त्यापेक्षा जवळची, कारण एक पान गिऱ्हाइकाच्या घरी जाते. प्रत आणि बॅकअप यांतला भेद मजकुराचा नसून अंतराचा आहे. बॅकअपची प्रत मूळ नोंदीपासून जागेने, काळाने किंवा हाताळणाऱ्या माणसाने दूर असावी लागते.

संगणकीय बॅकअपच्या पद्धतींपैकी ‘आजोबा-बाप-मुलगा’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत सर्वांत जुन्यांत मोडते. तिच्या नावाचे दोन अर्थ रूढ आहेत आणि ते बऱ्याचदा एकमेकांत मिसळले जातात. पहिला अर्थ चुंबकीय फितींच्या काळातला. युनिव्हॅक संगणकाबरोबर १९५१ मध्ये आणि आयबीएमच्या ७२६ या यंत्राबरोबर १९५२ मध्ये फीत व्यावसायिक वापरात आली. फितीवरची एखादी नोंद मधूनच खोडून सुधारणे सोयीचे नसे. म्हणून कालची मुख्य फीत आणि आजच्या व्यवहारांची फीत एकत्र वाचून तिसऱ्याच, कोऱ्या फितीवर नवी मुख्य फीत लिहीत. नवी तो मुलगा, कालची तो बाप, परवाची तो आजोबा. मुलगा बिघडला तर बाप आणि व्यवहारांची फीत घेऊन तो पुन्हा तयार करता येई. मागील बाकी व कीर्द यांवरून खतावणी बांधण्याशी याचे नाते उघड आहे. या व्यवस्थेत बॅकअप वेगळा घ्यावा लागत नसे, कामाच्या ओघातच तो उरे. आयबीएमच्या ओएस/३६० प्रणालीत फाइलींच्या ‘पिढ्या’ क्रमाने ठेवण्याची जी सोय आली, तिच्या नावातही हीच कल्पना दिसते.

दुसरा अर्थ फिरत्या संचाचा : रोजचा बॅकअप म्हणजे मुलगा, आठवड्याचा बाप, महिन्याचा आजोबा. आजच्या मार्गदर्शिकांत बहुतेक हाच अर्थ आढळतो. कालदृष्ट्या पहिला अर्थ आधीचा असावा. नोंदी चकतीवर जागच्या जागी बदलता येऊ लागल्या, जुनी पिढी आपोआप उरेनाशी झाली आणि ती मुद्दाम राखण्याची गरज पडली, तेव्हा जुनेच नाव नव्या व्यवस्थेला चिकटले असे मानणे सयुक्तिक वाटते.

‘३-२-१’ हा नियम त्यामानाने अलीकडचा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक अन्यत्र. याचे श्रेय सहसा पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराला दिले जाते. डिजिटल छायाचित्रांच्या व्यवस्थापनावरच्या त्यांच्या लेखनातून तो एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रसिद्ध झाला, आणि अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सायबरसुरक्षा यंत्रणेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणामुळे त्याला अधिकृत वजन आले. प्रत बाहेरगावी ठेवण्याची चाल मोठ्या संगणक केंद्रांत त्याआधीपासून होती. क्रोग यांचे काम ती तीन आकड्यांत बसवण्याचे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. पुढे त्याला आणखी आकड्यांच्या शेपट्या जोडल्या गेल्या, त्यांत बॅकअपची उत्पादने विकणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. नियम छायाचित्रणातून यावा हे स्वाभाविक आहे. लग्नाचे फोटो गेले तर पुन्हा लग्न लावता येत नाही, म्हणून अल्बम पोचल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचे नाही ही शिस्त तालुक्याच्या गावातला स्टुडिओवालाही पाळतो.

महाराष्ट्रातल्या छोट्या व्यवसायात बॅकअप म्हटले की बहुधा टॅलीचा बॅकअप अभिप्रेत असतो. १९८६ मध्ये बंगळुरात सुरू झालेल्या पेउट्रॉनिक्स या कंपनीचे हे हिशेबाचे सॉफ्टवेअर. त्यात प्रत्येक कंपनीचा डेटा आकडी नावाच्या स्वतंत्र फोल्डरात राहतो. टॅली ईआरपी ९ या जुन्या आवृत्तीत बॅकअप घेतला की ‘टीबीके.९००’ या एकाच नावाची फाइल तयार होई. त्याच फोल्डरात पुन्हा बॅकअप घेतला की जुनीची जागा नवी घेई. वर सांगितलेला आजोबा येथेच नाहीसा होतो. वर्षभर रोज न चुकता बॅकअप घेणाऱ्याकडेही प्रत्यक्षात फक्त कालची एक प्रत असू शकते. डेटा आठ दिवसांपूर्वीच बिघडलेला असेल आणि आज लक्षात आले असेल, तर ती प्रतही बिघडलेलीच निघते.

यावरचा बाजारातला उपाय साधा आहे. गल्ला मोजून होतो, शटर अर्धे खाली येते. हिशेबनीस टॅलीप्राइम या नव्या आवृत्तीत ऑल्ट-वाय दाबून बॅकअपवर जातो. खणात सहा पेनड्राइव्ह असतात, प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेनाने लिहिलेले : सोम, मंगळ, बुध… ज्या वाराचा पेनड्राइव्ह त्या वारी लागतो, काम झाले की निघतो आणि मालकाच्या शर्टाच्या खिशातून घरी जातो. महिनाअखेरीची प्रत वेगळ्या डिस्कवर, ३१ मार्चची आणखी वेगळी. २०११ पासून ३१ मार्च हा ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी सावध व्हा, असा त्यामागचा विनोद. भारतात ती हिशेबी वर्षाचीही अखेर असते, त्यामुळे येथे तो दिवस कोणी ठरवून द्यायची गरज नव्हती. या पद्धतीतला दुबळा दुवा एकच : कंटाळा आला की एकच पेनड्राइव्ह संगणकाला कायमचा लागलेला राहतो.

फक्त बदललेला भाग उचलणाऱ्या वाढीव बॅकअपची चर्चा संगणकशास्त्रात विस्ताराने येते. दुकानाचा हिशेबी डेटा लहान असतो, तेथे दर वेळी पूर्ण प्रत घेणेच सोपे पडते.

प्रत घेणे आणि ती परत चढवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालू डेटाच्याच फोल्डरावर जुना बॅकअप चढवला तर मधल्या दिवसांच्या नोंदी पुसल्या जातात. चाचणी घेताना झालेले हे नुकसान मूळ बिघाडाइतकेच जड जाते. म्हणून रिकाम्या, वेगळ्या फोल्डरात, शक्य तर दुसऱ्याच संगणकावर प्रत चढवून शेवटचा व्हाउचर क्रमांक, रोख शिल्लक आणि तेरीज (सर्व खात्यांच्या शिल्लकांचा तक्ता) जुळवून पाहतात. वीज अचानक गेल्याने डेटा ‘करप्ट’ होणे हा लोडशेडिंगच्या काळातला नेहमीचा अनुभव. त्यावर ईआरपी ९ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-आर दाबून ‘रीराइट’ करत, म्हणजे डेटा नव्याने लिहून घेत. त्यात सदोष नोंदी गळू शकतात, म्हणून आधी आहे त्या बिघडलेल्या डेटाचीही प्रत घ्यावी असा जाणत्यांचा आग्रह असे.

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवांवर फोल्डर जोडून ठेवणे म्हणजे बॅकअप, असा समज व्यापक आहे. मुळात हे समक्रमण आहे. येथली चूक तेथेही जाते, येथे पुसलेले तेथेही पुसले जाते. या सेवा फाइलीच्या मागील आवृत्त्या आणि कचरापेटी काही दिवस राखतात, त्यामुळे पूर्ण निरुपयोगी म्हणता येत नाही. पण ती मुदत संपण्याआधी चूक लक्षात यावी लागते. टॅली चालू असताना तिचे फोल्डर समक्रमित होत राहिले तर अर्धवट लिहिलेल्या फाइली वर जाण्याचा धोका वेगळाच. दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणारी रेड रचना डिस्क बिघडल्यास उपयोगी पडते, चुकून पुसलेल्या फाइलीबाबत नाही.

अंतराचे महत्त्व खंडणीखोर सॉफ्टवेअरने, म्हणजे रॅन्समवेअरने, सर्वांच्या ध्यानात आणून दिले. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्रायने फाइली कुलूपबंद करून सुरुवातीला ३०० डॉलर मागितले. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. त्याच वर्षीचा २७ जूनचा नॉटपेट्या हा हल्ला छोट्या व्यावसायिकाने अधिक लक्षपूर्वक अभ्यासावा असा आहे, कारण तो युक्रेनमधल्या एमई-डॉक या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला. पैसे भरले तरी फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. मेर्स्क या जहाज कंपनीचे जाळे त्यात कोलमडले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचेही काम अडले. जगभरच्या कार्यालयांतले तिचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे जाळ्यावरची ओळख व परवानगी सांभाळणारे संगणक, पुसले गेले. त्यांच्या प्रती एकमेकांकडेच होत्या. घानातला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती. जे काम धोरणाने व्हायला हवे होते ते भारनियमनाने केले! संगणकाला जोडलेली बाह्य डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत मूळ डिस्कबरोबरच सापडते, हे त्याच कारणाचे छोटे रूप होय.

पाण्यापासूनचे अंतर उंचीत मोजावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा पुरात टेबलाखालचा सीपीयू आणि गल्ल्याच्या खणातली बॅकअपची डिस्क एकाच तासात भिजतात. भरलेली जीएसटी विवरणपत्रे सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा उतरवता येतात, बँकेचे उतारे मिळतात, पुरवठादाराकडून खात्याचा उतारा मागता येतो. किरकोळ विक्री मात्र विवरणपत्रात एकत्रित आकड्यांनी जाते, आणि कोणाकडे किती उधारी आहे हे कोणत्याच सरकारी नोंदीत नसते. व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत न भरून येणारा भाग बहुधा हाच.

कायद्यात बॅकअपचा उल्लेख विखुरलेला आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधील नियम ५७ नुसार अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी मुदतीत परत मिळतील असा इलेक्ट्रॉनिक बॅकअप ठेवावा लागतो; किती दिवसांनी घ्यावा हे नियम सांगत नाही. अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. नोंदणीकृत कंपन्यांना ‘ठरावीक काळाने’ बॅकअप पुरत असे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने तो भारतातील सर्व्हरवर ‘दररोज’ घेणे आले. एकल मालकी व भागीदारी पेढ्यांना ही कंपनी नियमांतली तरतूद लागू नाही. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ खालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; ग्राहकांच्या माहितीसाठीच्या सुरक्षा उपायांत त्यांनी बॅकअपचाही समावेश केला आहे.

७२ महिने हा काळ माध्यमांच्या दृष्टीने लांब आहे. घरगुती एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, तिच्या लेखनक्षमतेची हद्द गाठल्यावर वीज न देता ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा धरून ठेवेल, एवढीच जेडेक या मानक संस्थेची अपेक्षा आहे. तापमान वाढले की ही मुदत घटते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालचे गोदाम किती तापते हे सांगायला नको. दीर्घ साठवणीसाठी साधी फिरती हार्ड डिस्क अजून पसंत केली जाते, तीही अधूनमधून चालवून पाहून.

प्रत चोराच्या हाती पडू नये म्हणून ती कूटबद्ध करतात. टॅलीव्हॉल्ट या टॅलीतल्या कूटबद्ध करण्याच्या सोयीचा पासवर्ड विसरला तर डेटा उघडण्याचा मार्ग उरत नाही, म्हणून तो बंद पाकिटात घरच्या दागिन्यांबरोबर ठेवण्याची पद्धत काही पेढ्यांत आहे.

फाइल शाबूत असूनही मजकूर हरवतो, हा प्रकार मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या, व्यवसायात ठळकपणे दिसतो. युनिकोड ही सर्व लिप्यांची समाईक संकेतप्रणाली रुळण्यापूर्वीची पेजमेकर व कोरलड्रॉमधली कामे श्री-लिपीसारख्या संचांच्या फाँटांत बसवलेली असत. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बेतलेली होती. अशी फाइल बॅकअपमधून परत आणली आणि तो फाँट संगणकावर नसला, तर लग्नपत्रिकेतल्या ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांग उमटते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपी संचाला संगणकाला जोडायचा डाँगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण, लागे. त्यामुळे जुने छापखाने हार्ड डिस्कबरोबर फाँटांची सीडी आणि तो डाँगलही एकाच डब्यात सांभाळून ठेवताना आढळतात.